माझा हव आणि नऊ घरांची मोटर

माझ्या 'हव'ला काडीचीही किंमत नाही, असं माझी बायको विमला गेली एकोणीस वर्षं म्हणत आली आहे. बाहेरगावच्या वाचकांसाठी खुलासा करतो. आम्ही रायपूरचे मराठी लोक 'हो' म्हणत नाही, 'हव' म्हणतो. हा शब्द आमच्या आजोबांनी वऱ्हाडातून इकडे आणला की इथल्या छत्तीसगढी शेजाऱ्यांनी आम्हाला दिला, यावर आमच्यात दोन तट आहेत, आणि दोन्ही तटांतले लोक एकमेकांचं म्हणणं ऐकताना 'हव, हव' करत असतात. शब्द फार सोयीचा आहे. हव म्हणजे होकार. हव म्हणजे ऐकतोय. हव म्हणजे पुरे आता. आणि मी नवा रायपूरच्या एका सरकारी खात्यात हेडक्लार्क असल्यामुळे, माझ्या तोंडी हव म्हणजे 'पुढच्या आठवड्यात या' असाही होतो.

तर या सगळ्या भानगडीची सुरुवात अशाच एका हवने झाली. मी संध्याकाळी पेपर वाचत होतो. आमची मुलगी स्नेहल, दहावीतली, हातात दोन कागद घेऊन खुर्चीशेजारी उभी राहिली आणि बरंच काही बोलली. मी म्हणालो, "हव." ती आणखी बोलली. मी म्हणालो, "हव, हव." तिने उडी मारली.

विमला स्वयंपाकघरातून म्हणाली, "काय कबूल केलं, मालूम तरी हाये काय तुमाले?"

"हव," मी म्हणालो.

मी दोन गोष्टी कबूल केल्या होत्या. पहिली, आमच्या शिवनाथ अपार्टमेंटच्या पाण्याच्या मोटरला स्नेहल एक बोलणारी मशीन बसवणार. दुसरी, ती मशीन घेऊन ती शाळकरी मुलांच्या प्रदर्शनात जाणार. तिथे निवडलेल्या मुलांना असल्या मशिनी बनवायला शिकण्यासाठी महिनाभर बंगळूरला पाठवणार. आणि त्यासाठीच्या संमतिपत्रावर मी सही करणार. पहिल्या गोष्टीने माझी फक्त झोप उडाली. दुसरी ऐकून मी पेपरची घडी घातली. ही पोरगी दुर्गला मावशीकडेसुद्धा कधी एकटी गेलेली नाही. मी ते संमतिपत्र कपाटाच्या ड्रॉवरमध्ये मिक्सरच्या वॉरंटी कार्डाखाली ठेवलं आणि सवडीने पाहू म्हणालो. आमच्या खात्यात याला 'विचाराधीन' म्हणतात.

पोरगी हुशार आहे यात वाद नाही. आठ वर्षांची असताना तिने माझा रेडिओ उघडून पुन्हा बंद केला. चार स्क्रू उरले आणि रेडिओ पहिल्यापेक्षा चांगला वाजू लागला. ते चार स्क्रू मी अजून जपून ठेवले आहेत. कौतुक म्हणून नव्हे, पुरावा म्हणून.

आता मोटरविषयी. आमचं अपार्टमेंट भनपुरीच्या अलीकडे, ट्रकांच्या रस्त्याला लागून आहे. घरं नऊ, गच्चीवर टाकी एक, आणि मोटरचं बटण जिन्याखालच्या मीटरच्या खोलीत. त्या खोलीला लागून तळमजल्यावर अंजनाबाई मेश्राम राहतात. वय सत्तर, यजमान रेल्वेत होते, आता एकट्या. दार जवळ म्हणून मोटर लावायचं काम कोणीही न सांगता त्यांच्याकडे आलं आणि राहिलं. टाकी संपली की वरच्या मजल्यांवरून हाका सुरू होत, "अंजनाबाई, मोटर!" मग त्या दोन्ही गुडघे धरून उठत, मोटर लावत, बसत, आणि टेकतात न टेकतात तोच गच्चीवरून पाणी वाहू लागे, की पुन्हा हाका, "अंजनाबाई, बंद!" दिवसातून सहा उठबशा. आम्ही नऊ घरांतल्या शहाण्यांनी हे अकरा वर्षं पाहिलं आणि कोणालाही त्यात काही चुकीचं दिसलं नाही.

स्नेहलला दिसलं. ती मराठी सगळं समजते, पण उत्तर हिंदीत देते. "पप्पा, सब लोग चिल्लाके ही तो मोटर चलाते हैं," ती म्हणाली. "तो मोटर को ही सुनने दो ना."

जिन्यात तिने साबणदाणीएवढी एक डबी बसवली. मोटरच्या तारांचं काम तुळशीराम इलेक्ट्रिशियनने केलं आणि करताना मान हलवत राहिला. डबीसमोर 'हव' म्हटलं की मोटर चालू, 'बस' म्हटलं की बंद. बाजारात मिळणाऱ्या बोलत्या मशिनींना अंजनाबाईंची भाषा कळत नाही, म्हणून स्नेहलने त्यांचाच आवाज घेऊन डबीला शिकवलं होतं. पहिल्या दिवशी अंजनाबाई दारात खुर्चीवर बसल्या, लाजल्या, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "हव." मोटर घुरघुरली. त्यांनी कपाळावर हात मारला.

"माय वो! मोटर मायं ऐकते! घरात तं कोनी ऐकलं नाही कधी!"

मी त्या क्षणी अभिमानाने असा काही उभा राहिलो की, ही कल्पना मुळात माझीच होती असं दोन शेजाऱ्यांना वाटलं. मी त्यांचा गैरसमज दूर केला नाही.

घोटाळा दुसऱ्या दिवशी सुरू झाला. आमच्या इमारतीत फोनला रेंज फक्त जिन्यात येते, आणि फोनवर आम्ही काय बोलतो ते मी वर सांगितलंच आहे. मी सकाळी साहेबांशी बोललो, मोटर चालू झाली. दुसऱ्या मजल्यावरची भावना माहेरी बोलली, मोटर चालू झाली. कुरिअरवाल्याने "गोतमारे यहीं रहते हैं?" विचारलं, मी म्हणालो हव, मोटर चालू झाली. 'बस' मात्र कोणीच म्हणत नव्हतं, कारण फोनवर आमचं बस कधी होतच नाही. दिवसभर गच्चीवरून पाणी, आणि अंजनाबाई 'बस, बस' ओरडत खुर्चीवर. उठबशा थांबल्या होत्या, पण घसा बसला होता.

सल्ले आले. एक म्हणाले, जिन्यात 'हव म्हणू नये' अशी पाटी लावा. पाटी लागली. येणारा प्रत्येक जण ती मोठ्याने वाचू लागला. तुळशीराम म्हणाला, लिंबू-मिरची बांधा. ती अंजनाबाईंनी काढून भाजीत घातली. मग सगळ्यांनी मिळून ठरवलं की आठवडाभर 'हव'ऐवजी 'हो' म्हणायचं. मी ठराव वाचून दाखवला, विचारलं, "सगळ्यांना मंजूर?" नऊ घरांनी एका आवाजात उत्तर दिलं, आणि मोटर चालू झाली.

त्यातच रविवार उजाडला. नरहरी भाकरे हे आमच्या सोसायटीचे अध्यक्ष. तिसऱ्या मजल्यावर, बरोबर टाकीखाली राहतात. त्यांच्या मुलाचं, शिशिरचं, घर पाहायला मुलीकडचे नऊ जण बीरगांवहून आले. नरहरीभाऊ त्यांना घ्यायला खाली उतरले. "रस्ता सापडला ना जी?" हव. "ऊन लय हाये ना?" हव, हव. "जिना जरा उंच हाये." हव जी, हव. मंडळी तीन मजले हव म्हणत चढली आणि मोटर तीन मजले मन लावून ऐकत राहिली. चहा आला तेव्हा टाकी भरली होती. पोह्यांच्या वेळी पाणी बाल्कनीत आलं आणि मुलीच्या मोठ्या काकांच्या डोक्यावर, टोपीसकट, धार लागली.

खाली मी घराचं दार आतून लावून बसलो होतो. पळपुटेपणा नव्हता, घरातल्या कर्त्या माणसाने अशा वेळी शांत राहावं असं माझं मत आहे.

खरी गंमत पुढेच झाली. मे महिन्यात, भर बारा वाजता, गच्चीवरून पाणी वाहून जातंय हे पाहून मुलीचे काका ओल्या टोपीनेच म्हणाले, "पान्याची एवढी सोय असल तं पोरगी द्याले काय हरकत हाये?" लग्न जमलं. पण अध्यक्षांचा अपमान झाला तो झालाच. नरहरीभाऊंनी डबीवर कापड बांधलं आणि मला बोलावून सांगितलं, "दिवाकरराव, तुमची पोट्टी हुशार हाये, मले मान्य हाये. पन हे पोट्टीचं काम नोहे. तिले म्हना, आता अभ्यास कर."

माझ्या तोंडून निघालं, "हव."

स्नेहल माझ्या मागेच उभी होती. ती तशीच वळली. वर गेली आणि तिने आपले स्क्रूड्रायव्हर एका जुन्या बिस्किटाच्या डब्यात भरून डबा माळ्यावर टाकला. त्या हवची मला अजून लाज वाटते. प्रदर्शनाला अठरा दिवस उरले होते, आणि अर्जासोबत अध्यक्षांचं प्रमाणपत्र हवं होतं की मशीन आठ दिवस नीट चालली. आणि खरं सांगायचं तर, माझ्या मनात एका कोपऱ्यात बरंही वाटलं. प्रमाणपत्र नाही तर प्रदर्शन नाही, प्रदर्शन नाही तर बंगळूर नाही. माझी सही आपोआप टळत होती.

पोरीला पुन्हा उठवलं ते अंजनाबाईंनी. दोन मजले, दोन्ही गुडघे धरत, त्या अकरा वर्षांत पहिल्यांदा वर आल्या आणि दारातच बसल्या.

"काहून वो पोट्टी, रुसली काय? मले मोटर ऐकाची सवय लावली अन् आता मले पुन्हा उठवून राहिली?"

"आंटी, मशीन गलत है मेरी. सबका हव सुन लेती है."

"मशीन बराबर हाये. हव गलत हाये. माया बुढा मले 'हव' म्हने तं मले मालूम राहे कोनता खरा अन् कोनता टाळाचा. तुया मशीनले शिकव नं थो फरक."

स्नेहलने स्टूल ओढलं. मग ती माळ्यावर चढली.

त्यानंतर आमच्या इमारतीत जे सुरू झालं, त्याला मी हवची जनगणना म्हणतो. स्नेहल रोज दुपारी वही घेऊन अंजनाबाईंच्या ओट्यावर बसायची, आणि बायका आपापले हव द्यायला यायच्या. हव द्यायला आलेल्या बायका बघायला थांबायच्या, बघायला थांबलेल्या हात लावायच्या. भावना आजवर फोनमधला मेसेजसुद्धा नवऱ्याला उघडायला सांगायची. तिने चौथ्या दिवशी स्वतःचा मिक्सर खोलला आणि जोडलाही. विमला तारांना डाग द्यायला शिकली. एकदा ऑफिसातून आलो तर स्वयंपाकघरात धूर, मी म्हणालो, "फोडणी करपली." ती म्हणाली, "सोल्डरिंग हाये ते. हात नका लावू." एकोणीस वर्षांत या बाईने मला प्रथमच एखाद्या वस्तूला हात लावू नका म्हटलं होतं, आणि तेही माझ्या भल्यासाठी. अंजनाबाई तर येणाऱ्या-जाणाऱ्याला सेन्सर म्हणजे काय ते समजावू लागल्या. "कान समज," त्या म्हणत, "पन अक्कल नसलेला. अक्कल आपन टाकाची."

आठ दिवसांनी स्नेहलने वही माझ्यासमोर ठेवली. वहीत प्रत्येकाच्या नावाचं पान होतं. माझ्या पानावर लिहिलं होतं: पप्पा. एकूण हव एकशे त्रेचाळीस. प्रश्न संपायच्या आधी, एकशे एकतीस. प्रश्न संपल्यावर, बारा.

"देखो पप्पा, झूठा हव सवाल खतम होने से पहले आता है. सबका. सच्चा वाला बाद में आता है. बस इतना ही फरक है."

सरकारी नोकरीत पंचवीस वर्षं काढलेल्या माणसाला हे त्याच्या मुलीने वहीत लिहून दाखवावं, हे बरं नव्हे. तरी मी शांतपणे विचारलं, "हे बारा तरी खरे निघाले ना?"

"वो बारा बार आई ने चाय का पूछा था."

आता डबी स्वतः प्रश्न विचारू लागली. 'मोटर' म्हटलं की अंजनाबाईंच्या आवाजात बोलायची, "काय जी, मोटर चालू करू काय? टाकी खाली हाये काय, पाहून सांगा." हा प्रश्न पूर्ण होऊ दिला आणि नंतर हव म्हटलं तरच मोटर लागायची. मध्येच हव टाकला तर डबी ढिम्म. आठ दिवस गच्चीवरून एक थेंब सांडला नाही. नरहरीभाऊ मात्र प्रमाणपत्राचं "हव, करतो सही" म्हणत राहिले. शेवटी अंजनाबाईंनी त्यांना जिन्यात गाठलं. "अध्यक्ष, तुमाले मशीन नाही पायजे तं नाही. उद्यापासून मोटर तुमी लावा. दिवसातून सहा डाव." नरहरीभाऊंनी तिथेच, भिंतीवर कागद धरून सही केली.

अर्ज द्यायला आम्ही नवा रायपूरला गेलो. ते माझंच राज्य, म्हणून मी स्नेहलला म्हणालो, "बघ, कसं पटकन काम होतं." चार खिडक्या फिरलो. पाचव्या खिडकीवर एका माणसाने अर्ज वाचला आणि भुवया चढवल्या. यंत्राची भाषा या रकान्यात हिंदी आणि इंग्रजी असे दोनच चौकोन होते. स्नेहलने बाजूला पेनने 'हव' लिहिलं होतं.

"ये हव कौन सी भाषा है?" तो म्हणाला. "इसका कॉलम नहीं है."

मी ओळख दिली, खातं सांगितलं, माझ्या साहेबांचं नाव सांगितलं. तो मान डोलावत म्हणाला, "हव, वो सब ठीक है, लेकिन—"

"सर," स्नेहल म्हणाली, "अभी आपने जो बोला ना, वही भाषा है."

त्याने पेन खाली ठेवलं. मागच्या रांगेत कोणीतरी हसलं. त्याने मुकाट्याने शिक्का मारला. माझी पंचवीस वर्षांची नोकरी त्या खिडकीवर अर्ध्या मिनिटात निकामी झाली, आणि तरी मला का कोण जाणे, घरी जाईपर्यंत हसू येत राहिलं. संमतिपत्राचं मात्र त्याने "चयन के दिन दे देना" असं सांगितलं. मी म्हणालो, हव.

निवडीचा दिवस आला. सकाळी मी ड्रॉवर उघडला, संमतिपत्र काढलं, सही न करता चौघडी घालून शर्टाच्या खिशात ठेवलं. नेतो तरी, असं स्वतःला सांगितलं. हॉलमध्ये शाळांची साठ टेबलं होती. स्नेहलने खाली पाण्याचा टब, वर स्टुलावर बादली, मध्ये छोटी मोटर आणि डबी अशी आमची इमारत मांडली. विमला आणि अंजनाबाई दोघी आल्या होत्या. परीक्षक होत्या शर्मिष्ठा मॅडम, इंजिनिअरिंग शिकवणाऱ्या. त्यांनी 'मोटर' म्हटलं, अंजनाबाईंचा आवाज पूर्ण ऐकला, मग मुद्दाम हिंदीत "हाँ" म्हटलं. काही झालं नाही. "हव बोला जी," अंजनाबाई म्हणाल्या. मॅडम हव म्हणाल्या आणि मोटर लागली. मॅडमनी तीन वेळा करून पाहिलं, मग स्नेहलला इतके प्रश्न विचारले की आजूबाजूच्या टेबलांवरच्या मुली येऊन उभ्या राहिल्या. एक छोटी तर अंजनाबाईंनाच विचारू लागली, आणि त्या तिला अक्कल नसलेल्या कानाबद्दल सांगू लागल्या.

मग मॅडमनी फाइल उलटली. "बेटा, तुम्हारा नाम तो पक्का है. पालक की सहमति कहाँ है?"

सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी खिशावर हात ठेवला. "हव, हव. देतो ना."

विमलाने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नजर मी ओळखतो. स्नेहलने मात्र माझ्याकडे पाहिलंच नाही. तिने डबीचं एक बटण दाबलं, डबीजवळ तोंड नेलं आणि हळू काहीतरी बोलली. मग डबी माझ्यापुढे केली. डबीतून अंजनाबाईंच्या प्रश्नाऐवजी तिचाच आवाज आला, आणि मराठीत. या पोरीच्या तोंडून मी कित्येक वर्षांत मराठीचं पूर्ण वाक्य ऐकलं नव्हतं.

"पप्पा, मी महिनाभर बंगळूरले जाऊ काय—"

"हव, हव, जा ना," मी म्हणालो.

मोटर हलली नाही. आजूबाजूच्या मुली फिदीफिदी हसल्या.

"भाऊ," अंजनाबाई म्हणाल्या, "पोट्टीचं पुरं तं ऐकून घ्या एक डाव."

स्नेहलने पुन्हा बटण दाबलं. मी दोन्ही हात मागे बांधले आणि ओठ मिटले.

"पप्पा, मी महिनाभर बंगळूरले जाऊ काय? तिथं मी एकटी राहीन. तुमाले माझ्याबिगर करमन काय?"

आवाज थांबला. हॉलमध्ये गलका होता, पण मला काही ऐकू येईना. मी स्नेहलकडे पाहिलं. ती म्हणाली, "उस दिन भी यही पूछा था पप्पा. आप पेपर पढ़ रहे थे."

मला नाही करमणार. हे मी इथे लिहून देतो, कारण तिथे म्हणालो नाही. हिच्या उघड्या रेडिओंशिवाय, वाटीत ठेवलेल्या स्क्रूंशिवाय, हिंदीतल्या उलट उत्तरांशिवाय मला एक दिवस करमणार नाही. पण प्रश्न संपला होता, आणि मी तो सगळा ऐकला होता.

"हव," मी म्हणालो.

मोटर लागली. मशीनला एवढंच कळतं की हव प्रश्नानंतर आला. शेवटच्या वाक्यापुरता तो खोटा होता हे तिला कळलं नाही, आणि मीही कळू दिलं नाही. मी खिशातला कागद काढून टेबलावर ठेवला आणि सही केली. तोवर बादली भरली, पाणी टेबलावर आलं, सहीची शाई जराशी पसरली, मॅडमच्या चपला ओल्या झाल्या. स्नेहल माझ्याकडे पाहून हसत होती आणि डोळे पुसत होती. कोणीतरी 'बस' म्हणायला हवं होतं. ते माझंच काम होतं, पण मीही रुमालाने डोळे पुसत होतो.

शेवटी अंजनाबाईंनीच म्हटलं, "बस."

मोटर थांबली. मला मात्र थांबायला जरा वेळ लागला.